शेवटची धार

"काय करालीस गं?"

मागून आबांचा आवाज आला तेव्हा माझ्या तोंडात दारू होती. गिळता येईना, बोलता येईना. हातातल्या कागदी पेल्यात मी ती थुंकले आणि वळले.

आबा म्हणजे माझे सासरे, दत्ताजी चौगुले. स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात माझ्या नवऱ्याचा, संग्रामचा जुना स्वेटर, हातात काढलेले बूट. सकाळचे साडेदहा वाजले होते. एरवी ते पार्कातल्या गुजराती आजोबांबरोबर फिरून साडेअकराच्या आत कधी यायचे नाहीत. त्या दिवशी आजोबांचा गुडघा धरला होता, म्हणून लवकर परतले.

टेबलावर नंबर घातलेल्या तीन बाटल्या, तीन ग्लास आणि माझी वही होती. घरभर वास सुटला होता.

"आबा, हे... कामाचं आहे," मी म्हणाले.

"वास कशाचा येतोय मला कळतोय," ते म्हणाले. "पितीस म्हणावं तर थुंकतीस. थुंकतीस म्हणावं तर परत घेतीस. हे काय म्हणायचं?"

मग ते बूट तसेच हातात धरून आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

ही दोन हजार सात सालची गोष्ट. आम्ही केंटकीत, लुईव्हिल शहराबाहेर राहत होतो. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. तिथल्या एका छोट्या डिस्टिलरीत मला वास आणि चव तपासायचं काम मिळालं होतं. मक्यापासून बूर्बन नावाची व्हिस्की करायची, आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिंपांत काही वर्षं मुरवायची आणि बाटलीत भरण्याआधी ती कशी झाली आहे ते आम्ही पाच जणांनी सांगायचं. घोट तोंडात घोळवून थुंकायचा, नाहीतर दुपारपर्यंत पाचही जण टेबलाखाली.

गावाकडे मात्र संग्रामने "शैलजा खाण्याच्या कंपनीत आहे" असं सांगून ठेवलं होतं. त्याचाही इलाज नव्हता. आबा भोगावती नदीच्या काठावरच्या गुऱ्हाळांवरचे नावाजलेले गुळव्या. उसाचा रस उकळत असताना काहील कोणत्या क्षणी चुलवणावरून उतरवायची, हे ते नुसत्या वासावर सांगायचे. दारू प्यालेल्या माणसाला त्यांनी काहिलीजवळ कधी उभं केलं नाही. आमच्या लग्नात त्यांचा एक चुलतभाऊ झुलत आला, तर त्याला मांडवाच्या दारातूनच परत पाठवलं. सासूबाईंचे वडील दारूपायी गेले, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणाला कारण विचारावंसं वाटलं नव्हतं.

सासूबाई आदल्या वर्षी गेल्या. आबा एकटे पडले म्हणून संग्रामने त्यांना सहा महिन्यांसाठी आणलं होतं. आणि हे घडलं त्या आठवड्यात आमच्या तपासणीच्या खोलीला रंग दिला होता. रंगाच्या वासात कसली तपासणी होणार? म्हणून नमुने घरी नेऊन काम करायची परवानगी मिळाली होती.

संध्याकाळी बापलेकांचं बोलणं मी जिन्यातून ऐकलं.

"तुझी बायको दारू पिती."

"पीत नाही आबा. चाखते."

"चाखती आणि?"

"थुंकते."

"थुंकायचा पगार देत्यात?"

"हो," संग्राम म्हणाला.

"आणि तू मला खाण्याची कंपनी सांगितलंस. बापाशी खोटं बोलायला इथं येऊन शिकलास, का तिथंच शिकला हुतास?"

त्यानंतर दोन दिवस आबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ताट वाढलं की मुकाट्याने जेवायचे, आपलं ताट आपण धुऊन ठेवायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी संग्रामला परतीचं तिकीट लवकरचं मिळेल का, असं विचारलं. त्या रात्री मी संग्रामवर खूप चिडले आणि नंतर रडले. आबा मला आवडायचे. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी केलेल्या चिरोट्यांचे दगड झाले होते. आबांनी एकट्यांनीच मान खाली घालून त्यातले चार खाल्ले होते आणि "दात मजबूत हायत माझे" एवढंच म्हणाले होते. त्यांनी माझ्याशी अबोला धरावा, हे मला सोसत नव्हतं.

पण काम थांबवता येत नव्हतं. गुरुवारी निकाल द्यायचा होता.

आमचा मुख्य, वेंडेल टकर, अडुसष्ट वर्षांचा उंच, सावकाश बोलणारा म्हातारा. आयुष्यभर त्याने इतरांच्या नावाची दारू केली. निवृत्त होण्याआधी स्वतःच्या नावाची एकच बाटली काढायची त्याची इच्छा होती. ती महागडी आणि शोकेसमध्ये ठेवायची नको होती. गवंड्याला, ट्रक चालवणाऱ्याला, शाळेतल्या मास्तराला परवडेल अशी हवी होती, आणि कडक हवी होती. पाणी घालून सौम्य न केलेली, साडेसत्तावन टक्के. "स्वस्त आहे म्हणून पातळ द्यायची, हे मला पटत नाही," तो म्हणायचा.

सहा वर्षं मुरलेल्या पिंपांचे तीन गट काढले होते, त्यातून एक निवडायचा होता. चौघांचंही मन दुसऱ्या नंबरवर बसलं होतं, वेंडेलचं तर फारच. मलाही पहिल्या घोटाला तोच आवडला. गोड, भरलेला, जिभेवर लांबत जाणारा. पण ग्लासात पाणी घालून थोडा वेळ ठेवला, की तळातून काहीतरी वर यायचं. जुनं, ओलसर. मला त्याला नाव देता येईना. आणि नाव नसलेला वास आमच्या कागदावर लिहिता येत नाही. मी तिथे सर्वांत नवी होते, नोकरी पक्की व्हायची होती. "काहीतरी आहे" एवढ्यावर म्हाताऱ्याच्या आयुष्यभराच्या इच्छेला नाही कसं म्हणायचं?

तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी पुन्हा टेबलापाशी बसले. या वेळी दार उघडंच ठेवलं. आता लपवण्यासारखं काय उरलं होतं?

थोड्या वेळाने आबा आले. खुर्ची ओढून समोर बसले.

"नीट सांग, काय शोधालीस?"

"या दोन नंबरमध्ये काहीतरी दोष आहे. मला लागतोय पण सांगता येत नाही."

त्यांनी बाटल्यांकडे पाहिलं. "मी तोंडात घेणार न्हाई."

"नका घेऊ. नुसता वास घ्या."

पहिला ग्लास त्यांनी नाकाशी नेला आणि एकदम लांब केला. मला वाटलं, किळस आली. पण ते टक लावून ग्लासाकडेच बघत होते.

"ही कशाची केलीया?"

"मक्याची."

"मग ह्याला काकवीचा वास कसा? काहिलीच्या काठाला लागून जळल्याली काकवी."

"पिंपं आतून जाळतात, आबा. त्या लाकडातून येतो."

"असं व्हय." त्यांनी पुन्हा ग्लास जवळ घेतला. या वेळी डोळे मिटून, बराच वेळ. "ही बरी हाय. जरा हलकी." तिसरा घेतला. "ह्यात सुताराचं दुकान बसलंय नुसतं." मग दुसरा. त्यांचा चेहरा खुलला. "ही खरी. गोड." मग त्यांनीच बोट केलं. "पाणी घाल. निम्म्याला निम्मं."

मी घातलं. ते थांबले. मी बोलायला लागले तर हातानेच गप्प केलं. दहा मिनिटं तरी झाली असतील. मग त्यांनी वास घेतला आणि ग्लास टेबलावर ठेवला.

"ओलं पोतं," ते म्हणाले.

तेच होतं ते. भिजून कोपऱ्यात पडलेलं गोणपाट.

"ही सगळी खराब न्हाई," आबा म्हणाले. "चांगल्यात थोडी मिसळलीया. कुणीतरी येळेवर हात काढला न्हाई. शेवटची धार आत आलीया."

दारू गाळताना पहिली वाफ तीव्र असते, मधली चांगली, आणि शेवटी भट्टी थकली की जे येतं ते ओशट, कुबट असतं. मधलीच तेवढी घेऊन भांडं बदलायचं असतं. हे मी पुस्तकातून शिकले होते. पहिल्या धारेची हा शब्द तर आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतो. पण शेवटच्या धारेला ओल्या पोत्याचा वास येतो, हे कोणाला माहीत असतं?

"आबा, तुम्हाला हे कसं कळलं?"

ते उठले. "भात लावलायस का? भूक लागलीया," म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

गुरुवारी बैठक झाली. वेंडेलने सगळ्यांना मतं विचारली. चौघांनी दोन नंबर सांगितला. माझी पाळी आली.

"मला वाटतं, दोन नंबरमधल्या काही पिंपांत शेवटची धार मिसळलेली आहे," मी म्हणाले.

डार्लीन नावाची आमची सर्वांत जुनी सहकारी होती, ती माझ्याकडे बघतच राहिली. वेंडेल शांतपणे म्हणाला, "ही बाटली लोक पाणी न घालता पिणार आहेत. तशी पिऊन बघितलीस?"

"बघितली. तेव्हा कडकपणाखाली ते झाकून जातं. पण कोणीतरी बर्फ घालेल, पाणी घालेल. निम्मं पाणी घालून दहा मिनिटं थांबू या. माझं चुकत असेल तर तसं लिहा."

पाच ग्लास भरले, पाणी घातलं. दहा मिनिटं थांबलो. डार्लीनने ग्लास उचलला, हुंगला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"वेंडेल," ती हळूच म्हणाली, "ओलं गोणपाट."

वेंडेलने आपला ग्लास उचललाच नाही. तो उठून कपाटाशी गेला, एक जाड वही काढली, पानं उलटली आणि एका पानावर थांबला.

"ऑक्टोबर दोन हजार एक," तो म्हणाला. "अकरा पिंपं. भट्टीवर मी होतो. हॉस्पिटलमधून फोन आला, लोरीनला पुन्हा अतिदक्षता विभागात नेलंय म्हणून. फोन माझ्या ऑफिसात होता. मी बोलत राहिलो. परत आलो तेव्हा वेळ टळून गेली होती."

लोरीन त्याची बायको. त्याच हिवाळ्यात ती गेली, हे मला नंतर डार्लीनने सांगितलं.

"मला माहीत होतं," वेंडेल म्हणाला. "तेव्हाच ओतून द्यायला हवं होतं. पण वाटलं, सहा वर्षांत लाकूड पोटात घालेल." त्याने वही मिटली. "आणि चाखताना मला वाटलं, घातलंय."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. वेंडेल माझ्याकडे वळला.

"हे तुला एकटीला कळलं?"

खोटं बोलून दोन दिवस काय भोगलं ते ताजं होतं. मी म्हणाले, "नाही. माझ्या सासऱ्यांना कळलं. ते गूळ करतात."

"शनिवारी त्यांना घेऊन ये," वेंडेल म्हणाला.

मला वाटलं होतं आबा नाही म्हणतील. पण शनिवारी सकाळी ते टोपीला इस्त्री करून तयार होते. संग्रामला यायचं होतं, तर "तुझं काय काम? गाडी तिला चालवता येती," म्हणून त्याला घरीच बसवलं.

वेंडेलने आम्हाला सगळी डिस्टिलरी फिरवून दाखवली. मका आंबवायच्या टाक्यांवर आबा वाकले, फेसाचा वास घेतला. झऱ्याचं पाणी चूळभर तोंडात घेऊन मान डोलावली. तांब्याच्या मोठ्या भट्टीपाशी ते फार वेळ उभे राहिले. नळी जिथून वळून थंड पाण्यात उतरते तिथे त्यांनी हात ठेवला, पटकन काढला आणि स्वतःशीच हसले.

मग पिंपांच्या गोदामाबाहेर एका बाकावर आम्ही बसलो. आबा एका टोकाला, वेंडेल दुसऱ्या, मध्ये मी, दुभाषी म्हणून. स्वच्छ ऊन पडलं होतं. वेंडेलने विचारलं, "गूळ करणाऱ्या माणसाला शेवटची धार कशी ओळखता आली?"

मी ते मराठीत सांगितलं. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सांग त्याला," ते म्हणाले, "मी गुळव्या व्हायच्या आधी भट्टी लावत हुतो."

मी आबांकडे बघितलं.

"सांग की. थांबलीस का?"

मी वेंडेलकडे वळून सांगितलं.

"सांग, एकोणीस वर्षांचा हुतो. तवा आमच्याकडं दारूबंदी हुती. नदीकाठच्या उसात मी आणि शिदू कांबळे, दोघं गुळाची गाळायचो. नासका गूळ कुणी फुकट देई. शिदू कंटाळायचा, शेवटची धार पण आत घ्यायचा, तेवढाच माल जास्त. ओल्या पोत्यागत वास मारायची. मी त्याला शिव्या घालायचो. माझी भट्टी चांगली म्हणून लोक चार कोस चालत यायची."

मी सांगत गेले. वेंडेल पुढे झुकून ऐकत होता.

"एक म्हातारा रोज यायचा. एक दिवस त्याच्याऐवजी त्याची पोरगी आली. सतरा वर्षांची. हातात रिकामी बाटली. मला वाटलं बापासाठी न्यायला आलीया. तिनं विचारलं, 'ह्यात काय घालतोस?' मी म्हटलं, 'गूळ आणि पाणी, आणि काय?' तर म्हणाली, 'मग गूळ गूळच ऱ्हाऊ दे की. त्याचं वाटोळं कशाला करतोस?' बाटली माझ्यासमोर ठेवली आणि निघून गेली."

आबा थांबले.

"सांगितलंस?"

"सांगते."

"सांग, दुसऱ्या दिवशी मी भट्टी मोडली. भांडी नदीत टाकली. एका गुळव्याच्या हाताखाली फुकट राबलो. दोन वर्षांनी त्या पोरीच्या दारात मागणी घालायला गेलो." त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "आणि सांग, ती गेल्या वर्षी वारली. घरात तिला सोडून हे कुणाला ठाऊक न्हवतं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. वेंडेल उठून आबांच्या बाजूला येऊन बसला आणि म्हणाला, "माझी सहा वर्षांपूर्वी." हे मात्र मला भाषांतर करावं लागलं नाही. आबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

ती अकरा पिंपं वेंडेलने बाजूला काढली. दोन नंबरच्या गटातल्या उरलेल्या एकोणतीसमधून पुढच्या वसंतात त्याच्या नावाची बाटली निघाली, कडक आणि स्वस्त. मी ती पाणी घालून, न घालता, दहा मिनिटं ठेवून, अर्धा तास ठेवून तपासली. तिच्यात काही खोट नव्हती. माझी नोकरीही पक्की झाली. आबांनी परतीचं तिकीट बदलायचा विषय पुन्हा काढला नाही, सहा महिने पूर्ण राहिले. गावी गेल्यावर ते आणखी सात वर्षं जगले.

पण मला आठवते ती त्या शनिवारची परतीची गाडी. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला मका होता.

"आबा," मी विचारलं, "मग सासूबाईंच्या वडिलांची सुटली का?"

"न्हाई. माझी भट्टी बंद झाली, तर शिदूकडं जायला लागला. मरेपतुर प्याला."

"म्हणजे तुम्ही सोडून काही उपयोग झाला नाही."

"त्याला न्हाई झाला," आबा म्हणाले. "मला झाला."

थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "तुझं हे काम मला आवडलं, असं मी म्हणणार न्हाई. दारू ती दारूच. पण खोटं नाक घेऊन बसली न्हाईस, ते बरं केलंस."

"संग्रामला सांगू? भट्टीचं?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "मी गेल्यावर सांग. पोराची नजर बदलली तर मला बघवायचं न्हाई."

"माझी बदलली तर?"

"न्हाई बदलली."

"तुम्हाला काय माहीत? मी तर सगळा वेळ वेंडेलकडे बघत बोलत होते."

"तू त्याच्याकडं बघत हुतीस," आबा म्हणाले. "मी तुझ्याकडं बघत हुतो."